दारातून सेकंदाला किती माणसं? १.३३ या आकड्याची पार्श्वभूमी

पादचारी सिम्युलेशनच्या, म्हणजे इमारतीतून माणसं कशी बाहेर पडतील हे संगणकावर पाहायच्या पॅकेजमध्ये एक्झिट (बाहेर पडायचं दार) टाकलं की त्याच्या गुणधर्मांत बहुधा एक रकाना दिसतो: प्रवाहाची मर्यादा, रोजच्या बोलण्यात 'फ्लो कॅप'. बरेच जण तिथे १.३३ भरतात किंवा आधीच भरलेला तसाच आकडा ठेवून पुढे जातात. दर मीटर रुंदीमागे, दर सेकंदाला १.३३ माणसं. अहवालाच्या परिशिष्टात तो 'मानक मूल्य' म्हणून छापला जातो आणि मंजुरी देणारेही त्यावर बोट ठेवत नाहीत. पण हा आकडा आधी इमारतींच्या नियमांत होता, तिथून प्रोग्रॅममध्ये शिरला आणि शेवटी प्रोग्रॅम बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या कसोटीत जाऊन बसला. या प्रवासात त्याचा अर्थ दोनदा तरी बदलला.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. १९११ मध्ये एडिंबरोच्या एका नाट्यगृहात रंगमंचाला आग लागली. वाद्यवृंदाने राष्ट्रगीत सुरू केलं आणि ते संपेपर्यंत, म्हणजे सुमारे अडीच मिनिटांत, प्रेक्षक बाहेर पडले असं सांगतात. रंगमंचामागचे काही कलाकार मात्र वाचले नाहीत. जागा अडीच मिनिटांत रिकामी व्हावी हा ब्रिटनमधला संकेत या घटनेशी जोडला जातो. तिथल्याच १९५२ च्या एका अहवालात २१ इंचांच्या एका 'युनिट'मधून मिनिटाला ४० माणसं धरली होती. अमेरिकेत युनिट २२ इंचांचं होतं. दोन्हीकडे कल्पना एकच: खांद्याला खांदा लावून चालणाऱ्या माणसांच्या रांगा मोजायच्या.

आता हिशेब करून पाहा. २१ इंच काटेकोर धरले तर दर मीटरला सेकंदाला १.२५ माणसं येतात. तेच युनिट अर्ध्या मीटरचं धरलं की १.३३. इंग्लंडच्या आजच्या नियमपुस्तिकेत मोठ्या संख्येसाठी दाराची रुंदी माणशी ५ मिलिमीटर धरतात. म्हणजे एक मीटरला २०० माणसं, आणि अडीच मिनिटांनी भागलं की पुन्हा १.३३. या आकड्याच्या मुळाशी निरीक्षणं आहेतच, पण त्याचं दुसरं दशांश स्थान युनिटाच्या गोळाबेरजेतून आलेलं आहे. त्याला इतक्या भक्तिभावाने का जपायचं, हे मला कधी कळलं नाही.

क्रीडामैदानांचा आकडा तर उघडपणे ठरवलेला. १९७१ मध्ये ग्लासगोच्या एका मैदानाच्या जिन्यावर ६६ जण चेंगरून गेले. त्यानंतर १९७३ मध्ये मैदानांसाठी सुरक्षा मार्गदर्शिका आली. तिच्या १९९७ च्या आवृत्तीत सपाटीवर दर मीटरला मिनिटाला १०९ माणसं होती, म्हणजे सेकंदाला १.८२. २००८ च्या आवृत्तीत ती ८२ वर आली, म्हणजे १.३७. अकरा वर्षांत माणसांची चाल काही पाव हिश्शाने मंदावली नव्हती. बदलली ती नियम करणाऱ्यांची सावधगिरी.

खरा गुंता मात्र 'रुंदी' या शब्दात आहे आणि एक्झिटची मांडणी चुकते ती बहुधा इथेच. सत्तरच्या दशकात कॅनडात उंच इमारती रिकाम्या करण्याच्या सरावांचं बारकाईने निरीक्षण झालं. जिना उतरणारी माणसं भिंतीला चिकटून चालत नाहीत, अंग थोडं डोलवत चालतात आणि दोन्ही बाजूंना पट्टा मोकळा सोडतात, असं त्यात दिसलं. त्यातून 'प्रभावी रुंदी' ही कल्पना आली. मोजलेल्या रुंदीतून प्रत्येक कडेचा ठरावीक पट्टा वजा करायचा. पुढे अग्निसुरक्षा अभियांत्रिकीच्या प्रसिद्ध हँडबुकात ती पद्धत रुळली आणि दारासाठी प्रत्येक बाजूचे १५ सेंटिमीटर वजा होऊ लागले. त्याच हँडबुकाच्या सूत्रात गर्दीची घनता चौरस मीटरला १.९ माणसांच्या जवळ पोचली की दाराचा प्रवाह कमाल होतो, आणि ती कमाल आहे १.३२.

म्हणजे इथे १.३२ हा आकडा प्रभावी मीटरमागे आहे. प्रवासी जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय परिपत्रकात दारांची कमाल १.३ आहे, पण ती दाराच्या मोकळ्या, मोजलेल्या रुंदीवर लावायची असते. ब्रिटिश नियमाचा १.३३ सुद्धा मोजलेल्या रुंदीचाच. तिन्ही आकडे सख्ख्या भावंडांसारखे दिसतात, म्हणून लोक ते बिनदिक्कत एकमेकांच्या जागी वापरतात.

परिणाम पाहायचा असेल तर एक मीटरचं दार आणि शंभर माणसं घ्या. मोजलेल्या रुंदीवर १.३३ लावला तर दार ७५ सेकंदांत मोकळं होतं. दोन्ही कडांचे मिळून ३० सेंटिमीटर वजा केले तर ७० सेंटिमीटर उरतात, प्रवाह सेकंदाला ०.९२ वर येतो आणि वेळ जाते १०८ सेकंदांवर. मैदानांच्या जुन्या आकड्याने तेच दार ५५ सेकंदांत रिकामं होईल. एकाच दाराची तीन उत्तरं, आणि प्रत्येकाला छापील आधार. अहवालात फक्त 'प्रवाह १.३३' लिहिलेला असेल तर वाचणाऱ्याला त्यातलं कोणतं उत्तर समोर आहे हे कळायला मार्ग नाही. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे पॅकेज आतल्या आत बाउंडरी लेयर, म्हणजे कडेचा हा पट्टा, वजा करतंय, आणि वापरणाऱ्याने नकाशात दार आधीच अरुंद करून काढलंय. पट्टा दोनदा कापला जातो, आणि अहवाल 'सुरक्षित बाजूने' असल्याचं समाधान मिळतं.

रुंदी वाढली की प्रवाह सलग वाढतो की पायऱ्यापायऱ्यांनी, हा दुसरा वाद. युनिट पद्धतीचं उत्तर अर्थातच पायऱ्यांचं होतं. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेतही २०१६ च्या आवृत्तीपर्यंत हेच होतं: एक युनिट ५० सेंटिमीटर, वरचे २५ सेंटिमीटर म्हणजे अर्धं युनिट, त्याहून कमी असेल तर धरायचंच नाही. नेदरलँड्समधल्या प्रयोगांवरून २००५ मध्ये असं मांडलं गेलं की अरुंद वाटेत माणसं चेनच्या दातांसारखी एकाआड एक गुंफतात, त्यामुळे क्षमता टप्प्याटप्प्याने वाढते. चार वर्षांनी छापल्या गेलेल्या जर्मन प्रयोगांत विद्यार्थी आणि कर्मचारी ०.८ ते १.२ मीटर रुंदीच्या अरुंद वाटेतून गेले आणि प्रवाह रुंदीबरोबर सरळ रेषेत वाढलेला दिसला. तोही मीटरमागे १.९ च्या आसपास, म्हणजे १.३३ च्या बराच वर. पुढच्या संशोधनाचा कौल सरळ रेषेकडे झुकला. प्रयोगातली माणसं तरुण होती, धडधाकट होती आणि त्यांना घाबरायचं काही कारण नव्हतं, हेही विसरून चालत नाही.

प्रोग्रॅमांनी ही सगळी भांडणं वारसाहक्काने घेतली. ऐंशीच्या दशकातल्या जाळं-पद्धतीच्या मॉडेलांत माणूस नव्हताच. खोल्या म्हणजे टाक्या, दारं म्हणजे नळ, आणि नळाची क्षमता तुम्ही द्यायची. तिथे कॅप म्हणजेच मॉडेल होतं. नव्वदच्या दशकात माणसं चौकटींच्या जाळीवर चालू लागली. अर्ध्या मीटरची चौकट असेल तर एक मीटरच्या दारात दोन चौकटी बसतात आणि १.२ मीटरच्या दारातही दोनच. युनिटाच्या पायऱ्या मागच्या दाराने परत आल्या, या वेळी संगणकाच्या सोयीसाठी. अशा मॉडेलांत बाहेरच्या दारावर वरून मर्यादा घालणं ही खरी गरज होती.

मग अखंड जागेत हलणारी माणसं आली, एकमेकांना ढकलणारी, टाळणारी, दाराशी कमान करून अडकणारी. 'जितकी घाई तितका उशीर' हा निष्कर्ष २००० मध्ये अशाच मॉडेलातून गाजला. इथे प्रवाह हा मॉडेलचा निकाल असायला हवा होता. पण रकाना गेला नाही. आज पाथफाइंडरसारख्या पॅकेजमध्ये दोन मोड शेजारी शेजारी आहेत. एकात हँडबुकाप्रमाणे दारच प्रवाह ठरवतं आणि माणसं एकमेकांवर चढली तरी चालतं. दुसऱ्यात माणसं एकमेकांना चुकवत जातात, पण हवी तर दारावर मर्यादा लावता येते.

ती लावावी का? मर्यादेच्या बाजूचे म्हणतात की दोन सल्लागारांचे निकाल शेजारी ठेवून पाहायचे तर दार दोघांकडे सारखं वागलं पाहिजे. मुद्दा रास्त आहे. पण मर्यादा लावलेल्या मॉडेलात दारापाशी दिसणारी रांग ही तुम्ही टाइप केलेल्या आकड्याची सावली असते. मॉडेलातली माणसं त्या दारातून सेकंदाला तीन जातात की अर्धा, हे दिसतच नाही. मी पहिली फेरी कॅप काढूनच चालवतो. आकडा २ च्या वर गेला तर माणसांचे गुणधर्म तपासतो, आणि मगच कॅप लावून दुसरी फेरी घेतो.

कॅपचा परिणाम दारापुरता राहत नाही. काही पॅकेजमध्ये माणूस एक्झिट निवडताना चालायचा वेळ आणि रांगेत जाणारा वेळ यांची बेरीज करतो. मर्यादा कडक केली की रांग लांबते, आणि लोक दूरच्या, एरवी ओस पडलेल्या दाराकडे वळतात. पडद्यावर इमारत छान समतोल रिकामी होते. प्रत्यक्षात लोक ज्या दाराने आत आले त्याच दाराकडे जातात, हे या क्षेत्रातलं जुनं निरीक्षण आहे.

भारतात २०१६ पासून युनिटाऐवजी माणशी मिलिमीटर आले: बहुतेक वापरांसाठी जिन्याला १०, सपाटीला ६.५. तक्त्यात फक्त रुंदी आहे, प्रवाह नाही. तरी त्यावरून एक मीटरला येणारी माणसं काढून, त्यांना अडीच मिनिटांनी भागून १.०३ हा 'भारतीय फ्लो रेट' काढण्याची उठाठेव प्रबंधांतून दिसते. रुंदीच्या त्या नियमातून परस्पर प्रवाह काढायचा हा प्रकार. शिवाय हे सगळे आकडे एकाच दिशेने चालणाऱ्यांचे. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर पावसामुळे लोक जिन्याशी थबकले होते आणि गाड्यांमधून उतरणारे मागून येतच होते. २३ जण गेले. तिथे जिन्याची मर्यादा किती धरायची हा प्रश्नच गैरलागू होता, कारण बाहेरचा प्रवाह जवळपास थांबला होता आणि आतला चालूच होता. एक्झिटच्या रकान्यात ही गोष्ट भरायला जागा नाही. ती स्रोताच्या, म्हणजे माणसं आत सोडण्याच्या वेळापत्रकात भरावी लागते.

आणि ती कसोटी. १९९४ मध्ये बाल्टिक समुद्रात एक प्रवासी फेरी बुडून ८५२ जण गेले आणि जहाजं रिकामी करण्याच्या विश्लेषणाला जोर आला. २००२ च्या परिपत्रकात प्रोग्रॅम तपासायच्या चाचण्यांची यादी आली. इमारतींसाठीच्या तपासणीतही ती पुढे उसनी घेतली गेली. चौथी चाचणी दाराची: प्रवाह पूर्ण काळात सेकंदाला १.३३ च्या वर जाता कामा नये. ज्या प्रोग्रॅममध्ये हाच आकडा कॅप म्हणून बसवलाय तो ही चाचणी न चालवताच उत्तीर्ण असतो, आणि जर्मनीतल्या त्या प्रयोगातली खरी माणसं तिच्यात नापास होतात. २०१६ च्या सुधारित परिपत्रकातही ती तशीच आहे: आठ बाय पाच मीटरची खोली, शंभर माणसं, पाच मीटरच्या भिंतीत मधोमध एक मीटरचं दार.