तात्पुरता ईमेल पत्ता आणि एलियस पत्ता: स्पॅम टाळण्यासाठी कोणता कुठे द्यावा?

एखादी पुस्तिका डाउनलोड करायची असते किंवा एखादा लेख शेवटपर्यंत वाचायचा असतो, आणि संकेतस्थळ आधी ईमेल पत्ता मागते. तो दिला की काही दिवसांत जाहिरातींचा ओघ सुरू होतो. यावर दोन उपाय नेहमी सुचवले जातात: तात्पुरता पत्ता वापरणे किंवा एलियस पत्ता वापरणे. दोन्हींमुळे आपला खरा पत्ता समोरच्याला कळत नाही, म्हणून पुष्कळ जण या दोहोंना एकच समजतात आणि एकाच्या जागी दुसरा वापरतात. ही गल्लत वरवर किरकोळ वाटते, परंतु तिच्यापायी माणसे आपली खाती कायमची गमावतात. त्यामुळे दोहोंची रचना नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

तात्पुरता पत्ता म्हणजे कोणाच्याच मालकीची नसलेली टपालपेटी. २००३ साली सुरू झालेली मेलिनेटर ही या प्रकारातील जुनी सेवा. तिच्या सार्वजनिक पेटीसाठी नोंदणी करावी लागत नाही आणि पासवर्डही लागत नाही. मनात येईल ते नाव त्या सेवेच्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातील @ नंतरच्या भागाच्या, आधी जोडून कोठेही द्यावे, आणि नंतर सेवेच्या पानावर तेच नाव टाकून आलेला मजकूर वाचावा. काही तासांनी तो आपोआप पुसला जातो. ‘टेन मिनिट मेल’सारख्या सेवेत तर पत्त्याचे आयुष्यच दहा मिनिटांचे असते, हवे असल्यास ते वाढवून घेता येते, इतकेच.

या सोयीची दुसरी बाजू फार कमी लोक ध्यानात घेतात. जे नाव आपण टाकले, तेच दुसऱ्या कोणीही टाकले तर त्यालाही तीच पेटी दिसते. ‘टेस्ट’सारखे सर्वांना सुचणारे नाव टाकून पाहिल्यास अनोळखी लोकांची स्वागतपत्रे, पडताळणीचे कोड आणि पासवर्ड बदलण्याच्या लिंका समोर येऊ शकतात. बहुतेक संकेतस्थळांवर ‘पासवर्ड विसरलात?’ या बटणावर टिचकी मारली की नवा पासवर्ड ठरवण्याची लिंक नोंदवलेल्या पत्त्यावर जाते, म्हणजे तो पत्ता हीच त्या खात्याची किल्ली असते. सार्वजनिक पेटीचा पत्ता देऊन उघडलेल्या खात्याचा ताबा त्या पेटीचे नाव ठाऊक असलेला कोणीही घेऊ शकतो. पत्त्याची मुदत संपलेली असेल, तर ती लिंक आपल्यालाही मिळत नाही.

एलियस पत्त्याचे काम निराळे आहे. येथे पत्ता आपल्या नावे राखून ठेवलेला असतो आणि त्यावर आलेले प्रत्येक पत्र सेवा आपल्या खऱ्या इनबॉक्सकडे पाठवते. ॲपलने २०२१ मध्ये आयक्लाउड प्लसच्या वर्गणीदारांना दिलेली ‘हाइड माय ईमेल’ ही सोय, मोझिलाची फायरफॉक्स रिले, डकडकगोची ईमेल संरक्षण सेवा आणि २०२२ मध्ये प्रोटॉनकडे गेलेली सिंपललॉगिन या सगळ्या याच प्रकारच्या आहेत. प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळा एलियस करावा, अशी यामागील कल्पना आहे. मग एखाद्या दुकानाला दिलेल्या एलियसवर भलत्याच कंपनीची जाहिरात आली, तर तो पत्ता कोणाकडून फुटला हे लगेच कळते, आणि तेवढा एकच एलियस बंद केला की इतर कोणत्याही पत्रव्यवहाराला धक्का न लागता तो ओघ थांबतो. यांतील अनेक सेवांमधून एलियसच्याच नावाने उत्तरही पाठवता येते. उत्तर सेवेमार्फत जाते आणि खरा पत्ता झाकलेला राहतो. माझ्या मते स्पॅमविरुद्ध खरा टिकाऊ उपाय हाच आहे.

जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचिन्ह आणि एखादा शब्द जोडून जो पत्ता तयार होतो, त्यालाही काही जण एलियस म्हणतात. पत्रांची वर्गवारी करायला तो उत्तम आहे, पण लपवाछपवीला निरुपयोगी, कारण अधिकचिन्हापासून पुढचा भाग खोडला की खरा पत्ता उघडा पडतो. शिवाय काही फॉर्म ते चिन्ह स्वीकारतच नाहीत.

तेव्हा पत्ता देण्यापूर्वी एकच गोष्ट पाहावी: या पत्त्यावर पुन्हा कधी काही यायला हवे आहे का? एकदाच फाइल हवी आहे, नाव-पैसा-कागदपत्र यांचा संबंध नाही आणि पडताळणीचे पत्र दुसऱ्या कोणी वाचले तरी बिघडत नाही, अशा वेळी तात्पुरता पत्ता पुरेसा आहे. अर्थात अनेक संकेतस्थळे अशा डोमेनांच्या याद्या बाळगतात आणि तो पत्ता नाकारतात. खरेदी, वर्गणी, तिकिटे किंवा पुन्हा लॉगिन करावे लागेल असे कोणतेही खाते असेल, तर एलियसच द्यावा.

एलियसवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. आपली पत्रे त्या सेवेच्या हातून जातात, म्हणून ती विश्वासाची असली पाहिजे. आणि सेवा बंद पडली तर तिच्या डोमेनवरचे सगळे पत्ते एकदम मुके होतात. म्हणून कोणत्या खात्याला कोणता एलियस दिला याची नोंद पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवावी. ज्यांना याहून अधिक खात्री हवी असते, ते स्वतःचे डोमेन विकत घेऊन त्यावर एलियस चालवतात, म्हणजे सेवा बदलली तरी पत्ते तेच राहतात. मात्र त्या डोमेनचे नूतनीकरण चुकले आणि ते दुसऱ्या कोणी घेतले, तर त्या सर्व पत्त्यांवरची पत्रे, पासवर्ड बदलण्याच्या लिंकांसकट, नव्या मालकाकडे जाऊ लागतात. त्यामुळे नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी, आणि डोमेन विकणाऱ्या कंपनीकडचे खाते त्याच डोमेनवरच्या पत्त्याने कधीही उघडू नये.