साइज आणि क्वालिटी: कॅमेऱ्याच्या मेन्यूतील दोन नोंदींची पार्श्वभूमी

डिजिटल कॅमेऱ्याच्या मेन्यूत ‘इमेज साइज’ आणि ‘इमेज क्वालिटी’ या नोंदी बहुधा शेजारीशेजारी असतात आणि दोन्हींमुळे फाइल लहान-मोठी होत असल्याने त्यांचा अर्थ एकच, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात साइज ठरवते ती चित्रातील पिक्सेलची संख्या, तर क्वालिटी ठरवते ती त्या पिक्सेलची माहिती किती दाबून लिहायची हे. या दोन निराळ्या काटकसरी आहेत आणि त्या कॅमेऱ्यात आल्या त्याही निराळ्या वाटांनी.

कोडॅकमधील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये जोडलेल्या कॅमेऱ्यात निवडीचा प्रश्नच नव्हता. १०० गुणिले १०० पिक्सेलचे एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. निवड आली ती सामान्य ग्राहकाच्या हाती कॅमेरा पडू लागल्यावर, आणि ती आणली साठवणीच्या टंचाईने. ॲपलच्या १९९४ मधील क्विकटेक १०० मध्ये एक मेगाबाइटची अंगभूत मेमरी होती. तीत ६४० गुणिले ४८० पिक्सेलची ८ चित्रे मावत किंवा ३२० गुणिले २४० ची ३२. लांबी-रुंदी निम्मी केली की पिक्सेल एक चतुर्थांश होतात, म्हणून चित्रे चौपट, इतका हा हिशेब सरळ होता. पुढच्याच वर्षीच्या क्विकटेक १५० मध्ये मात्र मेमरी तेवढीच राहूनही सगळी चित्रे ६४० गुणिले ४८० ची झाली आणि निवड उरली ती उत्तम दर्जाची १६ की साधारण दर्जाची ३२, एवढीच. एका मॉडेलमध्ये पिक्सेलची काटकसर आणि दुसऱ्यात कॉम्प्रेशनची, म्हणजे माहिती दाबून लिहिण्याची, असा हा फरक इतक्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी जोडी सापडणे कठीण.

कॉम्प्रेशनच्या या वाटेचे गणित कॅमेऱ्यांपेक्षा जुने आहे. बंगळूरमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवणारे नासिर अहमद यांनी १९७२ मध्ये ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या गणिती रीतीची कल्पना मांडून संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या अमेरिकी सरकारी संस्थेकडे निधी मागितला, तो नाकारला गेला. तरीही टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते काम पूर्ण करून १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या तज्ज्ञगटाने १९९२ मध्ये चित्रे दाबून साठवण्याचे जे जेपेग मानक दिले, त्याचा गाभा हेच गणित आहे. त्यात चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोनातील ठळक चढउतार आणि बारीक तपशील यांचे आकडे वेगळे काढतात आणि मग त्या आकड्यांना ठरावीक भाजकांनी भागून पूर्णांकात बसवतात. बारीक तपशिलांचे भाजक मोठे असल्याने त्यांतील बरेच आकडे शून्य होतात, आणि शून्ये लिहायला जागा फारशी लागत नाही. ‘क्वालिटी’ बदलणे म्हणजे मुख्यतः हे भाजक लहान-मोठे करणे. भाजक फार वाढवले की निळ्या आकाशात चौकोनांच्या कडा दिसू लागतात, त्या यामुळेच.

व्यावसायिक छायाचित्रकारांच्या हाती ही निवड ज्या रूपात रुळली, त्याचा चांगला नमुना म्हणजे निकॉनचा १९९९ मधील डी१ हा कॅमेरा. त्यातील फाइन, नॉर्मल आणि बेसिक या क्वालिटीच्या पायऱ्यांचे कॉम्प्रेशन अनुक्रमे सुमारे १:४, १:८ आणि १:१६ असे सांगितले जाई. मेमरी कार्डे महाग असताना ही गुणोत्तरे पाठ असणे हा धंद्याचाच भाग होता. याच कॅमेऱ्यात सेन्सरची मूळ माहिती जपणारी रॉ फाइलही मिळे. रॉ ही खरे तर जेपेगची वरची पायरी नव्हे, ती निराळ्याच प्रकारची फाइल आहे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या असतात, तर १२ बिटच्या रॉमध्ये ४,०९६, आणि व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेनुसार रंग जुळवण्याचा, निर्णयही नंतर घेता येतो. तरीही बहुतेक मेन्यूंत तिला ‘क्वालिटी’च्याच यादीत बसवले गेले, आणि नवशिक्यांचा गोंधळ त्यामुळे वाढलाच.

कार्डे स्वस्त होऊनही मेन्यूची ही मांडणी फारशी बदललेली नाही. ६००० गुणिले ४००० पिक्सेलच्या आजच्या कॅमेऱ्यात ‘स्मॉल’ निवडले, तर बहुधा सुमारे ३००० गुणिले २००० पिक्सेलचे, म्हणजे साधारण ६० लाख पिक्सेलचे चित्र मिळते. डी१ चे सर्वांत मोठे चित्र २००० गुणिले १३१२ पिक्सेलचे होते.