चेंडूशी बोलणारा नट

भाड्याने जागा मिळेना म्हणून दोन पुरुष बाईचं सोंग घेतात म्हटलं की आपल्याला 'अशी ही बनवाबनवी'तला लक्ष्या आठवणार, १९८८चा. हॉलीवूडचा नट टॉम हँक्सला पहिलं नाव मिळवून दिलं ते अशाच पेचाने. 'बोझम बडीज' ही अमेरिकी मालिका १९८०ची. राहतं घर पाडलं जातं, स्वस्तातली खोली फक्त बायकांच्या हॉटेलात मिळते आणि गडी झगा घालून तिथे शिरतो. मुंबईकराला हा विनोद समजावून सांगायला नको. मालिका दोन वर्षांत आटोपली.

पुढे १९८४चा 'स्प्लॅश', मग १९८८चा 'बिग'. एका रात्रीत मोठ्या माणसाचं शरीर मिळालेला पोरगा त्याने असा काही उभा केला की पहिलं ऑस्कर नामांकन मिळालं. १९९०चा 'जो व्हर्सेस द व्होल्केनो' मात्र पडला. त्यात हाच नट बॅगा-ट्रंकांच्या तराफ्यावर भर समुद्रात तरंगताना दिसतो, तेही हसवत. दहा वर्षांनी तराफा परत आला, तेव्हा कुणी हसत नव्हतं. मधल्या काळात 'फिलाडेल्फिया' आणि 'फॉरेस्ट गम्प'साठी लागोपाठ दोन ऑस्कर झाली होती.

'कास्ट अवे' (२०००) म्हणजे निर्मनुष्य बेटावर एकटा अडकलेल्या माणसाची गोष्ट. त्याचा विषय निघाला की लोक हँक्सच्या वजनावर येतात. आधी पोट सुटलेला कुरिअर कंपनीचा माणूस चित्रित केला, मग जवळपास वर्षभर चित्रीकरण थांबवलं. तेवढ्यात हँक्सने वीस किलोंहून अधिक वजन उतरवलं आणि दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिसने तेच युनिट घेऊन दुसरा सिनेमा उरकला. फिजीतल्या मोनुरिकी बेटावरचं काम सोपं नव्हतं. पायाच्या जखमेत जंतुसंसर्ग होऊन हँक्सला रुग्णालय गाठावं लागलं. हे सगळं खरं, पण वजन कुणीही मेहनती नट उतरवेल.

मला महत्त्वाचा वाटतो तो चेंडू. पटकथाकार विल्यम ब्रॉयल्स लिहिण्याआधी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर काही दिवस एकटा राहिला, तिथे एक व्हॉलीबॉल वाहत आला. तोच पडद्यावरचा विल्सन, बेटावर हँक्स ज्याच्याशी बोलत राहतो तो चेंडू. आता निर्जीव वस्तूशी भांडायचं, रुसायचं, तिची समजूत काढायची, आणि समोरून उत्तर आलंय असं वाटायला लावायचं, हे काम कुणाचं? विनोदी नटाचं. रामदास पाध्यांच्या बाहुल्या पाहत वाढलेल्या आपल्या पिढीला ते वेगळं सांगायला नको. एकपात्री करणारेही रिकाम्या खुर्चीकडे पाहून थांबतात, तिचं बोलणं 'ऐकतात' आणि मगच पुढचं वाक्य टाकतात. तो थांबा चुकला की सगळं फसतं. 'कास्ट अवे'त तर बेटावर पार्श्वसंगीतही नाही. संगीत सुरू होतं ते माणूस बेट सोडून निघाल्यावर. सगळा भार त्या थांब्यांवर. आग पेटल्यावर तो जो नाचतो, तो सरळसरळ जुन्या विनोदी सिनेमातला हँक्स आहे. त्या भूमिकेसाठी गोल्डन ग्लोब मिळालं, ऑस्कर 'ग्लॅडिएटर'च्या रसेल क्रोने नेलं. माझ्या मते तिथे परीक्षकांचं चुकलंच.

आणि आपल्याकडे? १९९२ साली लक्ष्मीकांत बेर्डेला 'एक होता विदूषक' मिळाला. लेखन पुलंचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. नेहमीचा लक्ष्या बघायला आलेला प्रेक्षक बुचकळ्यात पडला. पुढच्याच वर्षी 'झपाटलेला'त तो तात्या विंचूच्या बाहुल्यासमोर उभा राहिला आणि आपण पोट धरून हसलो. त्यातले प्रसंग पुन्हा पाहा. बाहुला जिवंत वाटतो त्यात पाध्यांच्या हातांचा वाटा आहेच, पण लक्ष्याचे घाबरलेले डोळेही तेवढंच काम करतात. २००४च्या डिसेंबरात तो गेला, पन्नाशी नुकतीच गाठून. हँक्स बेटावर गेला तेव्हा तो चाळिशीच्या सुरुवातीला होता.