जो बँड नव्हताच, त्याचं गाणं

माझ्या धाकट्या बहिणीचं घर सोलापुरात अशोक चौकाच्या पुढे आहे. शेजारच्या कारखान्यात यंत्रमाग चालतात, त्यामुळे त्या घरात सगळेच थोडा आवाज चढवून बोलतात. मे महिन्यात गेले होते तेव्हा चौदा वर्षांची भाची आतल्या खोलीत मोबाइल छातीशी धरून रडत बसली होती. ‘बिग टाइम रश’ या मालिकेचा शेवटचा भाग तिने नुकताच पाहिला होता. मिनेसोटातली हॉकी खेळणारी चार पोरं लॉस एंजेलिसला जातात आणि त्यांचा बँड होतो, अशी ती गोष्ट. मालिका संपली २०१३ साली, तेव्हा ही जेमतेम रांगत होती. घरातलं एक वडीलधारं माणूस जाता जाता म्हणालं, “अगं, ती पोरं कुठं खरी हायत? मालिकेसाठी जमवलेला बँड त्यो. खोट्यापायी कशाला रडायलीस?”

ती गप्प झाली. रात्री गच्चीवर मला म्हणाली, “मावशी, बँड खोटा असला तर मला जे होतं तेबी खोटंच का?”

मी शाळेत विज्ञान शिकवते. इतका चांगला प्रश्न मला वर्गात क्वचित कुणी विचारला असेल. म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायचं ठरवलं.

मालिकेसाठी बँड घडवण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग साठ वर्षांपूर्वीचा. १९६५ च्या सप्टेंबरात बॉब राफेल्सन आणि बर्ट श्नायडर या निर्मात्यांनी हॉलिवूडच्या व्यवसायपत्रांत जाहिरात दिली. नव्या मालिकेसाठी १७ ते २१ वयाची चार वेडी पोरं हवीत, असा तिचा मजकूर. ४३७ जण आले. अखेर ठरले ते मिकी डोलेन्झ, डेव्ही जोन्स, मायकेल नेस्मिथ आणि पीटर टॉर्क. बँडचं नाव ‘द मंकीज’. १२ सप्टेंबर १९६६ ला एनबीसी वाहिनीवर मालिका सुरू झाली.

आपल्याकडे चादरीची नक्षी कशी ठरते ते सोलापूरकराला सांगायला नको. आधी जेकॉर्डच्या, म्हणजे मागावर नक्षी पाडणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्यांना भोकं पडतात, मग त्या बरहुकूम धागे वर-खाली होतात. मंकीजचं अगदी तसंच होतं. कुणी लाजरा, कुणी खट्याळ, कुणी शहाणा, हे आधी कागदावर ठरलं आणि माणसं नंतर बसवली. गाणी डॉन कर्शनर या संगीत-व्यावसायिकाने पगारी गीतकारांकडून घेतली. वाद्यं बहुतेक सराईत स्टुडिओ-वादकांनी वाजवली. चौघांनी गायचं आणि कॅमेऱ्यासमोर वाजवल्यासारखं करायचं. पण नावं मात्र त्यांची स्वतःचीच ठेवली होती. पडद्यावरचा मिकी आणि रस्त्यावरचा मिकी एकच. ही छोटीशी युक्ती फार खोल काम करते. ‘बिग टाइम रश’मधल्या चौघांचीही पहिली नावं त्या नटांचीच आहेत: केंडल, जेम्स, कार्लोस, लोगन.

पहिलंच गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. मग नील डायमंडने लिहिलेलं ‘आय अॅम अ बिलीव्हर’ सात आठवडे तिथे ठाण मांडून बसलं. गाणी चांगली होती यात शंका नाही. पण फक्त चांगली म्हणून?

रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली एक साधा प्रयोग मांडला. लोकांना निरर्थक शब्द आणि अनोळखी चिनी धर्तीची चिन्हं दाखवली. काही एकदाच, काही दोनदा, पाचदा, काही पंचवीस वेळा. नंतर विचारलं, यातला कुठला शब्द चांगल्या अर्थाचा वाटतो? जो जास्त वेळा दिसला तो. लोकांना त्या शब्दाबद्दल काडीची माहिती नव्हती, नुसती ओळख झाली होती. ओळखीची वस्तू मेंदूला कमी कष्टात कळते, आणि तो हलकेपणा आपण आवड म्हणून मोजतो, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. आता मालिकेचा विचार करा. तेच गाणं या भागात, पुढच्या भागात, पुन्हा पुनर्प्रक्षेपणात. रेडिओवरच्या बँडला असा दरवाजा कुठून मिळणार?

त्यात भर पडते इतरांच्या आवडीची. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तो मला आजवर वाचलेल्या सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो. त्यांनी अनोळखी बँडची ४८ गाणी एका संकेतस्थळावर ठेवली आणि १४,३४१ लोकांना ऐकायला बोलावलं. काहींना फक्त गाणी दिसत. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगां’त वाटून टाकलं, आणि आपल्या जगात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं हा आकडाही त्यांना दिसे. गाणी तीच, जगं आठ. पण एका जगात डोक्यावर घेतलेलं गाणं दुसऱ्यात मधेच कुठेतरी लोंबकळत राहिलं. अगदी उत्तम गाणं सहसा तळाला गेलं नाही, अगदी वाईट सहसा वर आलं नाही, पण मधल्या सगळ्यांचं नशीब आधीच्या ऐकणाऱ्यांनी ठरवलं. मालिकेतला बँड इथेच बाजी मारतो. गोष्टीत पहिल्या प्रसंगापासून पोरी त्यांच्यामागे धावताना दाखवतात. म्हणजे गाणं बाजारात येण्याआधीच पडद्यावर त्याचे चाहते तयार असतात, आणि आपला मेंदू त्या गर्दीतली माणसं मोजून घेतो.

हे चारच किंवा पाचच का असतात, एकटा गायक का नसतो? यावरही एक प्रयोग आहे. ड्रू वॉकर आणि एडवर्ड वुल यांनी २०१३ साली दाखवलं की एकच चेहरा एकटा पाहिला तर जितका देखणा वाटतो, त्याहून घोळक्यात पाहिला तर थोडा जास्त देखणा वाटतो. फरक लहान आहे, पण तो आढळला. त्यांचं म्हणणं असं की डोळा घोळका पाहताना आपोआप सगळ्या चेहऱ्यांची सरासरी काढतो आणि प्रत्येक चेहरा त्या सरासरीकडे किंचित ओढून पाहतो. आणि सरासरी चेहरा माणसाला आवडतो, हे फ्रान्सिस गाल्टनच्या एकोणिसाव्या शतकातल्या एकावर एक छापलेल्या छायाचित्रांपासून दिसत आलं आहे. एमटीव्हीने २००० साली ‘टुगेदर’ नावाचा बँड टिंगलीसाठी रचला तेव्हा त्यात हे साचे उघडच वापरले होते: एक दिलफेक, एक बंडखोर, एक लाजरा, एक थोरल्या भावासारखा, एक गोंडस. टिंगलीचीही गाणी खपली. त्यातल्या गोंडस पोराचं काम करणारा मायकेल कुचियोने लहानपणी कर्करोगातून वाचला होता. जानेवारी २००१ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो गेला. त्या वेळी ज्या मुली रडल्या असतील, त्यांना कुणी खोटं म्हणेल का?

आता आवाजाकडे येते, कारण तो माझा आवडता भाग.

कर्शनरचं मंकीजशी फाटलं. चौघांना स्वतः वाजवायचं होतं, त्याला ते नको होतं. १९६७ च्या सुरुवातीला त्याला जावं लागलं. पुढच्याच वर्षी तो व्यंगचित्र-मालिकेतल्या ‘द आर्चीज’ या बँडच्या संगीताला लागला. पोरापोरींचा हा बँड चितारलेला, त्यामुळे भांडायला कुणी नाही. त्यांचं ‘शुगर, शुगर’ १९६९ सालचं ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या वर्षअखेरच्या यादीतलं पहिलं गाणं ठरलं. कागदावरच्या पात्रांनी त्या वर्षी हाडामांसाच्या सगळ्यांना मागे टाकलं! मुख्य आवाज रॉन डांटे या एकाच गायकाचा. तो आपल्याच आवाजावर पुन्हा आपला आवाज चढवी, टोनी वाइन या गायिकेने साथ दिली, आणि ऐकणाऱ्याला अख्खा बँड ऐकू आला.

हे कसं होतं? तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा जुळवताना कान लावा. एक तार सेकंदाला ४४० वेळा कंपली आणि दुसरी ४४२ वेळा, तर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि दबतो. तारा जवळ येतील तशी ही लाट संथ होते. एकच माणूस तेच वाक्य दुसऱ्यांदा गातो तेव्हा सूर केसभर हलतो, शब्द सेकंदाच्या काही शतांशांनी पुढेमागे होतो. अंतर इतकं थोडं की ते वेगळं ऐकू येत नाही, पण लाटा मात्र उठतात, आणि त्याही क्षणोक्षणी बदलत्या. असा आवाज निसर्गात अनेक गळ्यांतूनच निघतो. म्हणून मेंदू निष्कर्ष काढतो की इथे पुष्कळ माणसं आहेत. जे नाही ते भरून काढायची त्याची ही सवय बहिणीच्या घरीसुद्धा दिसते. मागाचे ठोके सगळे सारखेच असतात, पण पाच मिनिटं पडून ऐकलं की ते दोन-दोन किंवा चार-चारच्या गटांत पडू लागतात, पहिल्या ठोक्यावर जोर येतो. तो जोर मागात नसतो. थॅडियस बोल्टन या मानसशास्त्रज्ञाने १८९४ सालीच हे नोंदवून ठेवलं आहे.

याच सवयीचा एक गैरसमज व्हायला नको. ‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकी व्यंगचित्र-मालिकेच्या २००१ सालच्या एका भागात बार्ट आणि त्याच्या मित्रांचा ‘पार्टी पॉसी’ बँड निघतो आणि त्यांच्या गाण्यात उलट्या अक्षरांनी नौदलात भरती होण्याचा संदेश दडवलेला असतो. असं खरंच करता येतं का, असं भाचीने विचारलं. तिच्याच मोबाइलवर आम्ही ‘सोलापूर’ बोलून ध्वनिमुद्रण उलटं वाजवलं. अक्षरं उलटली तर ‘रूपालोस’ व्हायला हवं. पण प म्हणताना ओठ मिटतात, क्षणभर शांतता, मग हवा फुटते. उलट वाजवताना ती फूट आधी येते आणि शांतता नंतर. कानाला भलतंच काही ऐकू येतं. जॉन व्होकी आणि डॉन रीड यांनी १९८५ साली तपासून पाहिलं: उलट्या बोलण्यातून बाई बोलते की पुरुष हे लोकांना कळतं, अर्थ कळत नाही, नकळत परिणामही होत नाही. मात्र ‘अमुक शब्द ऐका’ असं आधी सांगितलं, की तो ऐकू येऊ लागतो.

राहिलं रडणं. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ साली, दूरचित्रवाणी नवी असताना, लिहिलं की पडद्यावरचा माणूस थेट आपल्याकडे पाहून बोलतो तेव्हा आपण त्याच्याशी एकतर्फी जवळीक जोडतो. यात विकृत काही नाही. चेहरा, आवाज आणि रोजची भेट या तीन गोष्टींवरून माणूस जवळचा ठरवायला मेंदू लाखो वर्षं शिकला आहे, आणि त्या काळात पडदा नव्हताच. पौगंडावस्थेत मेंदूची बक्षिसाला दाद देणारी यंत्रणा आवर घालणाऱ्या भागापेक्षा लवकर तापते, हेही त्यात आलं. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलोरी सालिमपूर आणि रॉबर्ट झाटोरे यांनी २०११ साली दाखवलं की आवडत्या गाण्याने अंगावर काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन हे बक्षिसाच्या आनंदाशी जोडलेलं रसायन सुटतं, आणि मेंदूच्या एका भागात तर तो क्षण येण्याआधीच, नुसत्या वाट पाहण्याने. गाणाऱ्याची भरती जाहिरातीतून झाली होती की गल्लीतून, याची त्या डोपामिनला कसली खबर?

भाची त्या चौघांचे नाच हुबेहूब करते. गणपतीत ती लेझमाच्या पथकात असते, आणि सोलापूरचं लेझीम म्हणजे काय ते विसर्जनाच्या दिवशी रस्त्यावर उभं राहून पाहावं. ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांवर ब्रॉनविन टार, रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी केलेला २०१५ चा एक अभ्यास आहे. मुलांना एकत्र नाचवलं, काहींना एकाच ठेक्यात, काहींना वेगवेगळ्या. मग रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर आवळत नेऊन दुखणं किती सोसतात ते पाहिलं. एका ठेक्यात नाचलेली मुलं जास्त सोसत होती आणि एकमेकांना जास्त आपलं मानत होती. चौघांना एका तालात नाचायला लावलं की बघणारा त्यांना एका जिवाचे समजतो, आणि खोलीत एकटीने नाचणारी पोर पाचवी होते.

हे सगळं मी तिला दोन-तीन रात्री गच्चीवर सांगितलं. शेवटी मिकी डोलेन्झची गोष्ट सांगितली. तो मुळात नट, गिटार वाजवणारा. भूमिकेत ड्रम आले म्हणून ड्रम शिकला. ३ डिसेंबर १९६६ ला होनोलुलूत चौघांनी पहिल्यांदा लोकांसमोर स्वतः वाजवलं. मे १९६७ मध्ये त्यांचा ‘हेडक्वार्टर्स’ अल्बम आला, त्यात बरीचशी वाद्यं त्यांचीच होती, आणि तो अमेरिकेत आठवडाभर पहिला राहिला. मालिका १९६८ साली बंद पडली. डेव्ही जोन्स २०१२ मध्ये गेला, टॉर्क २०१९ मध्ये, नेस्मिथ २०२१ मध्ये. त्यानंतरही डोलेन्झ ती गाणी घेऊन गावोगाव फिरत राहिला.

“मग त्यो खरा ड्रमवाला कुठल्या दिवशी झाला?” तिने विचारलं.

मी म्हटलं, अल्बम मुद्रित झाला तेव्हा. तिला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, होनोलुलूत, पहिली काठी पडली तेव्हाच.