शिक्षेनंतरचा डीएनए आणि मुद्देमालाचं भवितव्य

पुण्यातल्या १९९४ च्या सात जणांच्या हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक कैदी मार्च २०२३ मध्ये सुटला. अपील, फेरविचार सगळं आधीच फेटाळलं गेलं होतं. पण राजस्थानातल्या शाळेच्या रजिस्टरवरून तो गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. बाल न्याय कायद्यानुसार वयाचा मुद्दा निकाल अंतिम झाल्यावरही काढता येतो, म्हणून हे शक्य झालं. डीएनए चाचणीसाठी तसं कलम आपल्याकडे नाही.

अमेरिकेत हा रस्ता प्रयोगशाळेतूनच निघाला. शिकागोचा गॅरी डॉटसन १९७९ मध्ये बलात्काराच्या आरोपात दोषी ठरला. पुढे तक्रारदार महिलेनेच जबाब फिरवला, तरी कोर्ट बधलं नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये शोधलेली डीएनएवरून ओळख पटवण्याची पद्धत १९८८ मध्ये वापरून पाहिली, पण जपून ठेवलेला नमुना इतका खराब झाला होता की निष्कर्ष निघेना. मग थोडक्या डीएनएवरही चालणारी पीसीआर चाचणी झाली, तो नमुना त्याचा नसल्याचं दिसलं आणि १९८९ मध्ये शिक्षा रद्द झाली. दोषी ठरल्यावर चाचणी मागण्याचा केंद्रीय कायदा तिथे २००४ मध्ये आला.

आपल्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या २००५ च्या दुरुस्तीने बलात्काराच्या आरोपीच्या तपासणीत डीएनए आला. डीएनए चाचण्यांच्या नियमनाचं विधेयक मात्र २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. पुण्यातल्या गणेशखिंडची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा गृह विभागाच्या अखत्यारीतली. पोलीस किंवा कोर्ट पाठवेल तेच ती तपासणार. येरवडा तुरुंगातल्या कैद्याने थेट अर्ज करून भागत नाही. अपील चालू असेल तर वरचं कोर्ट जादा पुरावा घेऊ शकतं, पण तो त्या कोर्टाच्या मर्जीचा भाग.

खरी मेख निकालपत्राच्या शेवटी असते. ‘अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल नष्ट करावा’ ही ओळ तिथे इतकी ठरलेली, की कुणी दुसऱ्यांदा वाचतही नाही. कपडेच जाळले तर उद्या कितीही चांगलं यंत्र आलं तरी तपासणार काय?

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुन्यांबाबत देशभरासाठी निर्देश दिले. नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवायचा, तो कुणाच्या हातून कुणाकडे गेला याची नोंदवही ठेवायची. ही नोंदवही चालवायची ती आरोपी दोषी किंवा निर्दोष ठरेपर्यंत.