तुरटी, पातेल्याचा थर आणि प्लास्टिकचे कण

‘पाणी पाच मिनिटं उकळा, मायक्रोप्लास्टिक (प्लास्टिकचे बारीक कण) गायब!’ हा फॉरवर्ड मला चार ग्रुपवर आलाय. बातमी खोटी नाही. चीनमधल्या ग्वांगझूच्या संशोधकांनी २०२४ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. पण पाणी दुष्फेन, म्हणजे जास्त क्षारांचं हवं, ही अट वाटेत गळली. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असेल तर ९० टक्क्यांपर्यंत कण निघाले, सुफेन पाण्यात जेमतेम २५ टक्के. बोअरच्या पाण्याने पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो ना, तोच हा क्षार. तो घट्ट होताना कण त्यात अडकतात. पाणी नंतर गाळलंच नाही, तर क्षार आणि प्लास्टिक दोन्ही पोटात.

प्लास्टिकचं पाण्याशी जमत नाही. रेनकोटवरचा थेंब घरंगळतो तो म्हणूनच. मग पाण्यातले त्याचे कण एकमेकांना चिकटून गोळा का होत नाहीत? कारण उन्हाने पृष्ठभागाचं ऑक्सिडीकरण होऊन तिथे ऋण प्रभार येतो. प्रत्येक कणाभोवती धन आयनांचा विरळ ढग जमतो आणि दोन ढग एकमेकांत घुसू लागले की कण दूर लोटले जातात. गढूळ पाण्यातली माती तासन्‌तास बसत नाही, त्याचंही कारण हेच.

आजी पावसाळ्यात हंड्यात तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवायची आणि सकाळी तळाशी गाळ दिसायचा. तुरटीतल्या ॲल्युमिनियम आयनावर तीन धन प्रभार, मिठातल्या सोडियमवर एक. म्हणजे तिप्पट परिणाम? छे! आयन कण किती जोरात गोळा करतो हे सांगणाऱ्या शुल्झ-हार्डी नियमात प्रभाराचा सहावा घात येतो: ३×३×३×३×३×३, म्हणजे ७२९ पट! ढग आक्रसतो, कण जवळ येतात आणि अगदी जवळ आल्यावरच जाणवणारं व्हॅन डर वाल्स आकर्षण त्यांना धरून ठेवतं. शिवाय ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे कापसासारखे पुंजके उरलेले कण कवेत घेतात. पॉलिथिन पाण्याहून हलकं, त्यामुळे पुंजका कधीकधी बसतच नाही. तेव्हा खालून बारीक बुडबुडे सोडतात. पाण्याला टाळणारं प्लास्टिक हवेला बिलगतं आणि फेसाबरोबर वर येतं.

आयर्लंडच्या फिओन फरेराने २०१९ मध्ये गूगल सायन्स फेअर जिंकली, ती वनस्पती तेल आणि त्यात मिसळलेली मॅग्नेटाइटची, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाची पूड वापरून. कण तेलाला चिकटतात, तेल चुंबकाला. ‘चुंबकीय पाणी’ विकणाऱ्यांनी लगेच उड्या मारू नयेत. चुंबक ओढतो मॅग्नेटाइटला, प्लास्टिकला नाही.

यातल्या कुठल्याच उपायाने प्लास्टिक नष्ट होत नाही, ते गाळात जातं. हंड्यातला गाळ आजी परसातल्या अळूला घालायची. तेव्हा त्यात नुसती माती असायची.