सातचे भाऊबंद

सातरस्ता, अंधेरीचा सात बंगला आणि मुंबई ज्यांच्यावर वसली ती सात बेटं. या शहरात ‘सात’ हा शब्द पत्त्यांतही आहे आणि इतिहासातही. त्याचा सख्खा भाऊ मात्र रोज आपल्या तोंडी असूनही अनोळखीच राहतो. तो म्हणजे कर्जाचा हप्ता. फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात आणि ‘हफ्ता’ म्हणजे सात दिवसांचा काळ. आता हप्ता महिन्याच्या महिन्याला जातो, तरी नावात सातच आहे. मराठीने या काळाला नाव दिलं ते आठवरून, आठवडा. सोमवारी बाजार भरला की तो दिवस धरून पुढचा बाजार आठव्या दिवशी येतो. दोन्ही टोकं मोजायची ही रीत दूरवरही आढळते. वेल्श भाषेत आठवड्याला ‘आठ रात्री’ म्हणतात आणि फ्रेंच माणूस बोलताना ‘आठ दिवस’ म्हणतो.

सात आणि हफ्त ऐकायला फारसे सारखे नाहीत. मग ते भाऊ कशावरून? दोन शब्द सारखे वाटले एवढ्यावर भाषाशास्त्रात नातं ठरत नाही. त्यांच्यातला फरक नियमाने आलेला असावा लागतो. हे शाळेतच शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण नुसत्या साम्यावरून शब्दांची नाती जोडण्याची हौस आपल्याकडे फार आहे. संस्कृतात स्वराआधी ‘स’ असेल तिथे इराणी भाषांत सहसा ‘ह’ सापडतो. इकडे सोम, तिकडे हओम. इकडे सहस्र, तिकडे हजार. ऋग्वेदात ‘सप्त सिंधु’ आहेत, तर अवेस्ता या जुन्या इराणी भाषेत ‘हप्त हेंदु’. मुंबईतल्या पारशांच्या अग्याऱ्यांमध्ये आजही याच अवेस्ता भाषेत प्रार्थना म्हटल्या जातात.

ग्रीक भाषेनेही शब्दाच्या सुरुवातीच्या ‘स’चा ‘ह’ केला, पण इराणीशी संबंध न येता, स्वतंत्रपणे. तिथे सात म्हणजे ‘हेप्ता’. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराच्या ग्रंथात भारताजवळच्या बेटांमध्ये ‘हेप्टानेसिया’ म्हणजे ‘सात बेटं’ असं नाव येतं. ती आपलीच, असं मुंबईकर आवडीने सांगतात. ती ओळख अजून पक्की झालेली नाही. लॅटिनने ‘स’ राखला आणि ‘सेप्टेम’ म्हटलं. रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं तेव्हाचा सातवा महिना म्हणून सप्टेंबर. या सगळ्यांवरून मागे जात अभ्यासकांनी मूळ रूप मांडलं आहे, साधारण ‘सेप्तम्’. ते कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही. ते नियमांच्या आधारे काढलेलं अनुमान आहे.

आपल्याकडे सप्तचं प्राकृतात ‘सत्त’ झालं. मग जोडाक्षर सुटं झालं, आधीचा स्वर लांबला आणि ‘सात’ आलं. हस्त, हत्थ, हात. अष्ट, अट्ठ, आठ. पंजाबी मधल्या पायरीवरच थांबली, म्हणून तिथे अजून ‘सत्त’ आणि ‘हत्थ’ आहेत. पत्ते खेळताना आपण ‘सत्ती’ टाकतो, त्यातही ते जोडाक्षर ऐकू येतं.

आणि हाच ‘सत्त’ थेट तुर्कस्तानात सापडतो! बोगाझकोय इथल्या मातीच्या पाट्यांवर मितान्नी देशातल्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाची, घोडे तयार करण्याची पद्धत लिहिलेली आहे. काळ इ.स.पू. सुमारे 1400. मजकूर तिथल्या प्राचीन हित्ती भाषेत आहे, पण घोड्यांच्या फेऱ्यांसाठी शब्द आहेत संस्कृतच्या जवळचे, ‘ऐकवर्तन’, ‘तेरवर्तन’, ‘पंझवर्तन’, ‘सत्तवर्तन’. अशोकाच्या प्राकृत शिलालेखांच्या हजाराहून अधिक वर्षं आधी तिथे ‘प’ गळालेला दिसतो. याचा अर्थ असा की तोच बदल वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या ठिकाणी घडू शकतो. मला तर या पाट्यांपुढे थक्क व्हायला होतं.

धारावीत किंवा माटुंग्यात कानावर येणारा तमिळ ‘एऴु’ मात्र या घराण्यातला नाही. कन्नड ‘एळु’, तेलुगू ‘एडु’ हे त्याचे भाऊ, आणि त्यांच्यातल्या फरकाचे नियमही त्यांचे स्वतःचे.

खरा पेच अरबी आणि हिब्रूने घातला आहे. अरबीत सात म्हणजे ‘सबआ’. मराठी मातृभाषा असलेल्या मुंबईतल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या प्रार्थनांची भाषा हिब्रू, तिच्यात सात म्हणजे ‘शेवा’. सप्तशी केवढं साम्य! सहासुद्धा तसाच वाटतो, हिब्रूत ‘शेश’ आणि संस्कृतात ‘षष्’. पण सहाच्या बाबतीत जितकं मागे जावं तितकं साम्य विरत जातं. संस्कृतच्या बाजूचं मूळ रूप ‘स्वेक्स’च्या जवळचं निघतं आणि हिब्रूच्या बाजूच्या मूळ रूपात मध्ये ‘द’ असतो. सातचं साम्य मात्र मागे गेल्यावरही टिकतं, कारण सेमिटिक, म्हणजे अरबी-हिब्रूच्या कुळातल्या, भाषांच्या मूळ रूपातल्या एका प्रकारात ‘स’सारखा वर्ण, मग ‘ब’ आणि पुढे ‘त’ आहे.

बाकीचे आकडे जुळत नाहीत, म्हणून एक कूळ म्हणता येत नाही. उरतात योगायोग किंवा उसनवारी. आकडे उसने घेतले जातात हे नक्की. हंगेरियन आपल्या कुळातली नाही, तरी तिच्यातला ‘हेत’ हा शब्द इंडो-इराणी, म्हणजे संस्कृत-फारसीच्या, वळणाच्या भाषेतून आला असं मानलं जातं, आणि त्या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत: ‘सात’ आणि ‘आठवडा’. माझा कल म्हणूनच उसनवारीकडे आहे. पण एका शब्दावर नियम उभा राहत नाही, आणि पाठराखणीला दुसरा आकडा अजून मिळालेला नाही.